गडचिरोली-चिमूरचं प्रोफाइल लिहायचंय? आधी नावाला फसू नका

गडचिरोली-चिमूर लोकसभेवर लिहायला बसलात तर जिल्ह्याचा नकाशा बाजूला ठेवा आणि विधानसभांची यादी घ्या. सहा आहेत, गडचिरोली, आरमोरी, अहेरी, मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर नि ब्रह्मपुरी, आणि पार वरती गोंदियातलं आमगाव, ते नावात कुठेच नाही म्हणून हमखास सुटतं. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा बल्लारपूर-राजुऱ्याकडचा कोळसा-सिमेंट बिनधास्त यात टाकला होता, तो पट्टा चंद्रपूर लोकसभेत जातो, चांगलीच फजिती झाली. बाकी 2008 च्या पुनर्रचनेतला एसटी राखीव मतदारसंघ, 2024 ला काँग्रेसचे नामदेव किरसान निवडून आले, हे दोन ओळीत उरका.

खरा वेळ कुठल्या महिन्यात पैसा कुठून येतो याला द्या. धान तर आहेच, राइस मिल बघायच्या तर वडसा गाठा (कागदावर देसाईगंज, लोक वडसाच म्हणतात). नागभीड तालुक्यातल्या नांदेडला दादाजी खोब्रागडेंनी शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढून एचएमटी तांदूळ तयार केला, नाव घड्याळावरून. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे हां, तेवढं स्पष्ट लिहा.

लोहखनिजाचं लिहिताना खाण आणि कारखाना एकाच जागी दाखवू नका. सुरजागडची खाण एटापल्ली तालुक्यात, कोनसरीचा कारखाना चामोर्शीत, मधल्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बसा, नोकरी कुणाला लागली आणि ट्रकची धूळ कुणाच्या ताटात पडते ते दोन्ही कळेल.

पण मे महिन्यात गेलात तर आधी तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, बघा. भल्या पहाटे जंगलात जाऊन पानं तोडतात, मग घरी सगळं कुटुंब बसून 70-70 पानांचे पुडे बांधतं, म्हातारी पण, पोरं पण, आणि संध्याकाळी फळीवर (पानं जमा करायच्या केंद्रावर) नेऊन मोजून देतात. भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पुड्यांचा. गावात जाऊन ‘संकलन केंद्र’ विचारत बसू नका, फळी कुठंय विचारा, लगेच सांगतील. लिलाव कुणी केला तेही विचारा, पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) बऱ्याच ग्रामसभा आता स्वतःच करतात. बांबूचं बघायचं तर धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा, 2011 पासून ग्रामसभाच विकते.

आणि सिरोंचा नि आमगाव एका दिवसात धरू नका, एक पार तेलंगणाच्या हद्दीला, दुसरं मध्य प्रदेशाच्या बाजूला.