तांदळातलं आर्सेनिक: नमुना काढण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

आर्सेनिकला वास नाही, चव नाही, आणि दाणा कितीही निरखला तरी ते दिसत नाही. त्यामुळे पिशवीभर तांदूळ घेऊन आमच्या प्रयोगशाळेत येणारा माणूस आधीच धास्तावलेला असतो. तो पहिल्यांदा विचारतो, ‘किती निघालं?’ मी त्याला सांगते, त्याच्या आधी ‘कोणतं निघालं?’ ते विचारा.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ज्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, ते असेंद्रिय, म्हणजे कार्बनशी न जोडलेलं आर्सेनिक. मासे आणि कोळंबीत मात्र बहुतांश आर्सेनोबीटेन असतं. ते सेंद्रिय आहे आणि शरीरातून जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणून माशाच्या अहवालात ‘एकूण आर्सेनिक’पुढे मोठा आकडा दिसला म्हणून लगेच मासा टाकून देऊ नका. तांदळाचं तसं नाही. पाणी साचलेल्या शेतात मातीतला ऑक्सिजन संपतो, लोहाच्या ऑक्साइडला धरून बसलेलं आर्सेनिक सुटतं आणि भाताचं रोप सिलिकॉन ज्या वाटेने घेतं त्याच वाटेने तेही आत घेतं. हे आर्सेनिक कोंड्यात जास्त साठतं, त्यामुळे ब्राउन राइसमध्ये आकडा सहसा चढा येतो.

नमुना नीट काढा, हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर तांदूळ आणले, तर अहवाल त्या मुठीपुरताच. वरून, मधून, तळातून, शक्य तितक्या पोत्यांतून थोडे थोडे तांदूळ घ्या, एकत्र कालवा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, उरलेले बाजूला काढा. साधारण किलोभर उरेपर्यंत हेच करत राहा. नमुना कोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा आणि वर लॉट क्रमांक, तारीख लिहा. अर्धा नमुना सीलबंद करून स्वतःजवळ राहू द्या. निकालावर वाद झाला तर तोच कामी येतो. स्वयंपाकाला वापरता त्या पाण्याचीही बाटली वेगळी पाठवा. पाणीच दूषित असेल तर चांगला तांदूळही शिजताना आर्सेनिक ओढून घेतो.

घरी किट वापरून चालेल का, असं बरेच जण विचारतात. ती किट पाण्यासाठी असतात. त्यात आम्ल आणि जस्ताने आर्सिन वायू तयार होतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडची पट्टी पिवळी ते तपकिरी पडते. धान्यातलं आर्सेनिक आधी आम्लात विरघळवून मोकळं करावं लागतं, ते घरचं काम नाही. शिवाय आर्सिन स्वतःच अतिशय विषारी आहे.

प्रयोगशाळेत आधी आयसीपी-एमएसवर, म्हणजे मूलद्रव्यांचं अगदी कमी प्रमाणही मोजणाऱ्या यंत्रावर, एकूण आर्सेनिक मोजून घ्या. तेच असेंद्रियच्या मर्यादेखाली आलं तर पुढचा खर्च वाचला. वर गेलं तर त्याला एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करणारं उपकरण, जोडून आर्सेनिकचे प्रकार वेगळे करायला सांगा. अहवालात मापनाची खालची मर्यादा (मोजता येणारं किमान प्रमाण), अनिश्चितता (± पुढचा आकडा) आणि प्रमाणित संदर्भ पदार्थावरचा, म्हणजे आर्सेनिक किती ते आधीच ठाऊक असलेल्या नमुन्यावरचा, निकाल मागून घ्या. ‘आढळलं नाही’ या शब्दांना खालची मर्यादा कळल्याशिवाय अर्थ नाही. आणखी एक विचारा: क्लोराइडचा अडथळा कसा काढला? यंत्रातला आर्गॉन क्लोरीनशी जुळून नेमका आर्सेनिकच्याच 75 वस्तुमानावर दिसतो, आणि खारवलेल्या पदार्थात त्यामुळे खोटं आर्सेनिक मोजलं जाऊ शकतं.

आता आकडा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा पॉलिश तांदळाला किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, ब्राउन राइसला 0.35. अहवालात 0.19 ± 0.04 असेल तर मी त्याला निर्धास्त ‘पास’ म्हणत नाही, राखलेला नमुना पुन्हा तपासायला लावते.

मर्यादेच्या आत असला तरी तो पदार्थ कोण आणि किती खातं, हे पाहावंच लागतं. 0.2 चा तांदूळ 60 किलोच्या माणसाने दिवसाला 200 ग्रॅम खाल्ला तर पोटात 40 मायक्रोग्रॅम जातात, म्हणजे वजनाच्या किलोमागे सुमारे 0.67. त्याच तांदळाचं 60 ग्रॅम पीठ 10 किलोच्या बाळाला दिलं तर 12 मायक्रोग्रॅम, किलोमागे 1.2. तांदूळ तोच, पण बाळावरचा भार जवळपास दुप्पट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाळांच्या तांदळाच्या सीरिअलसाठी किलोमागे 0.1 मिलिग्रॅम ही पातळी 2020 मध्ये ठरवली, ती मला म्हणूनच पटते. बाळासाठी तपासत असाल तर याच आकड्याशी ताडून पाहा, आणि रोज तांदूळच न देता इतर धान्यंही आलटून पालटून द्या.

आकडा काठावरचा असेल तर तांदूळ सहा ते दहा पट स्वच्छ पाण्यात शिजवून पाणी काढून टाका. असेंद्रिय आर्सेनिक 40 ते 60 टक्क्यांनी कमी होऊ शकतं. काही जीवनसत्त्वंही पाण्याबरोबर जातात, ती भाज्या-डाळींतून भरून काढा. कमी पाण्यात शिजवून ते सगळं भातातच आटवलं तर मात्र हा फायदा मिळत नाही.