इंदूर न सोडता चांगलं काम कसं शोधायचं, जे मला माहितेय ते सगळं

मी अकरा वर्षं पुण्यात रिक्रूटमेंटमध्ये काढली, म्हणजे दिवसभर रेझ्युमे चाळायचे, फोन लावायचे, मॅनेजरसमोर उमेदवार उभे करायचे, आणि २०२१ ला बाबांची बायपास झाली तेव्हा इंदूरला आले ती परत गेलेच नाही. आता रामबागेत वरच्या खोलीत बसून तेच काम करते. आपल्या इथल्या मराठी घरांत बघा ना, रामबाग घ्या, लोकमान्य नगर घ्या, मुलं पुण्याला किंवा बंगलोरला आणि घरात दोन म्हातारी माणसं, दिवाळी आणि गणपतीला चार दिवस घर भरतं की परत रात्रीची पुण्याची बस. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच जणांना आता जायची गरज नसते पण कसं शोधायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून लिहितेय.

पहिलं काम म्हणजे फक्त रिमोट रिमोट करून शोधू नका. कोरोनात जे घरून काम होतं ते बरंच आटलंय, टीसीएसनं ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना पाच दिवस ऑफिसला बोलावलं, अमेझॉननं जानेवारी २०२५ पासून, आणि पूर्ण रिमोट जाहिरात निघाली की तिला सगळ्या देशातून अर्ज येतात, तिथे तुमची स्पर्धा अख्ख्या भारताशी असते. त्याच्या उलट इंदूरात ऑफिस असलेली हायब्रिड, म्हणजे काही दिवस ऑफिस काही दिवस घर अशी नोकरी असेल तर अर्ज मोजके येतात. सुपर कॉरिडॉरला टीसीएस, इन्फोसिस आहेत, क्रिस्टल आयटी पार्क आहे, विजयनगरला लहान लहान सॉफ्टवेअर कंपन्या आहेत ज्यांची नावं आपल्याला माहीतसुद्धा नसतात, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं परदेशी कंपन्यांची सेंटरं इकडे यावीत म्हणून वेगळं धोरणही आणलं. पिथमपूरच्या प्लांटमधलं काम घरून होणार नाही हे उघड आहे पण खरेदी, प्लॅनिंग, क्वालिटीची कागदपत्रं अशा जागांना एखाद दोन दिवस घरून द्यायला काही कंपन्या तयार असतात, विचारलं तरच देतात. खरंखुरं रिमोट हवं असेल तर माझा अनुभव असा की पन्नास ते दोनशे माणसांच्या कंपन्या बघा, ज्यांनी मोठं ऑफिसच घेतलेलं नाही. बोलवायला जागाच नसते म्हणून त्या बोलवत नाहीत.

आता प्रोफाइल. मी नोकरी डॉट कॉमवर उमेदवार शोधते तेव्हा माझ्यासमोर एक फॉर्म असतो, त्यात मी स्किलचे शब्द टाकते, अनुभव किती वर्षं, शहर, नोटीस पीरियड, आणि उमेदवार शेवटचा कधी लॉगिन झाला ते. बस. यातलं एक जरी रिकामं असलं की तुम्ही मला दिसतच नाही, कितीही हुशार असा. म्हणून शहरात इंदूर टाका आणि रिमोट पण टाका, नोटीस खरी टाका (तीस दिवसांची असेल किंवा राजीनामा दिलेला असेल तर ते मुद्दाम लिहा, नव्वद दिवसवाल्यांना खूप ठिकाणी वगळतात), आणि आठवड्यातून दोनदा लॉगिन करून एखादी ओळ बदला. हेडलाइनमध्ये असिस्टंट मॅनेजर लिहून मला काहीच कळत नाही, जीएसटी रिटर्न, टॅली, सॅप, चार वर्षं असं लिहिलं की लगेच कळतं.

रेझ्युमे दोन कॉलमचा, रंगीत, फोटोवाला करू नका. आधी सॉफ्टवेअर तो वाचतं, माणूस नंतर. घरी एक टेस्ट करा, तुमच्या पीडीएफमधलं सगळं कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तिथे जर कंपनीचं नाव एकीकडे, वर्षं भलतीकडे आणि फोन नंबर मध्येच कुठे असं आलं तर सॉफ्टवेअरलाही बऱ्याचदा तसंच दिसतं. एक कॉलम, साधी हेडिंग, टेबल नाही. आणि चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेले रेझ्युमे मला रोज ढीगभर येतात, सगळ्यांत तेच मोठमोठे शब्द, एकाचा काढून दुसऱ्याला लावला तरी चालेल. भाषा सुधारून घ्या त्याच्याकडून, हरकत नाही, पण मजकूर तुमचा पाहिजे. सांवेर रोडच्या एका कारखान्यात सहा वर्षं केलेली एक मुलगी आली होती, तिनं लिहिलेलं, ऑफिसची सर्व कामे बघत होते. मी म्हटलं अगं बस आणि सांग मला सकाळी गेल्यावर काय करायचीस, तर ती रोज चाळीसेक ट्रकांचे ई-वे बिल काढायची, ट्रान्सपोर्टरांचा हिशोब ठेवायची, उधारीचे फोन करायची. तेच तसंच लिहिलं, आता ती एका लॉजिस्टिक्स कंपनीचं काम घरून करते.

ज्या बायकांचा मध्ये गॅप पडलाय त्यांना एकच सांगते, लपवू नका. तारखा ताणून लिहिल्या की बॅकग्राउंड चेकमध्ये पीएफच्या नोंदींवरून सापडतं आणि मग मिळालेली नोकरी जाते. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक असा वेगळा पर्यायच आहे, तो भरा, आणि गेल्या सहा महिन्यांत जे शिकलात ते त्याखाली लिहा.

ओळखीनं सांगायला लाजतात आपली माणसं, पुण्याच्या आतेभावाला कसं विचारू म्हणून. अहो विचारा. पण "दादा कुठे जॉब असेल तर बघ" असा मेसेज कोणी पुढे पाठवू शकत नाही. असा पाठवा: "दादा, तुझ्या कंपनीच्या साइटवर ही जागा दिसली, लिंक खाली देतेय. मला अकाउंट्सचा पाच वर्षांचा अनुभव आहे, यातल्या चारपैकी तीन गोष्टी मी रोज करते. रेझ्युमे जोडलाय, रेफरलमध्ये टाकशील का? नाही जमलं तरी चालेल." भाऊ दोन मिनिटांत फॉरवर्ड करतो कारण त्याला काही विचार करावा लागत नाही.

इंटरव्ह्यूबद्दल थोडक्यात. पहिली फेरी आता खूप ठिकाणी कॅमेऱ्यासमोर एकट्यानं उत्तरं रेकॉर्ड करायची असते, समोर कोणी नसतं, तर आदल्या दिवशी फोनवर स्वतःला रेकॉर्ड करून बघा. उत्तर एआयवर बघून वाचू नका, डोळे एका रेषेत सरकतात ते आम्हाला दिसतं, आणि यामुळेच कंपन्या परत एक फेरी समोरासमोर घ्यायला लागल्यात, गूगलसारख्या कंपनीनंसुद्धा २०२५ मध्ये तसं ठरवलं. म्हणजे रिमोट नोकरीसाठीही एकदा पुण्याला जावं लागू शकतं, भाडं कोण देणार ते आधी विचारून घ्या.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. २०२२ मध्ये मी एका कंपनीत रिमोट म्हणून जॉइन झाले, फोनवर तीनदा सांगितलं होतं कायम घरूनच, मी विश्वास ठेवला, पाचव्या महिन्यात मेल आला की पंधरा दिवसांत पुण्याला हजर व्हा. बाबांना सोडून जाणं शक्यच नव्हतं. मी ऑफर लेटर उघडलं तर त्यात लिहिलेलं, कामाचं ठिकाण पुणे, आणि कंपनी हवं तिथे बदली करू शकते. दुसऱ्यांना ऑफर लेटर देणारी बाई मी, आणि स्वतःचं नीट वाचलं नव्हतं. नोकरी सोडावी लागली, तीन महिने पगार नव्हता, ते दिवस मी विसरले नाही. म्हणून सही करायच्या आधी मेलवर, फोनवर नाही, मेलवर या गोष्टी विचारा: पत्रात कामाचं ठिकाण इंदूर किंवा घर असं लिहाल का, ऑफिसला बोलावणार असाल तर वर्षातून किती वेळा आणि खर्च कोणाचा, धोरण बदललं तर किती दिवस आधी सांगाल, आणि इंदूरला राहते म्हणून पगार पुण्याच्या माणसापेक्षा कमी आहे का. फ्लेक्झिबल असं नुसतं लिहिलं असेल तर विचारा, कुठल्या वेळेत ऑनलाइन असलंच पाहिजे. अमेरिकेची टीम असेल तर तिथल्या पूर्वेकडच्या शहरांची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, आणि नोव्हेंबर ते मार्च साडेदहा तास, म्हणजे त्यांच्या सकाळी नऊला आपली संध्याकाळ, साडेसहा किंवा साडेसात, आणि काम संपतं पहाटे. इंग्लंडचं बरं पडतं, दुपारी सुरू होऊन रात्री साडेदहा अकरापर्यंत. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर हा हिशोब पगाराच्या आधी करा. बाळंतपणाच्या रजेवर असाल तर माहीत असू द्या, मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे पगारी रजा आहे आणि त्यानंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम करायची तरतूद पण आहे, कंपनीच्या संमतीनं, तर ती मागा तरी.

दुसरं बघायचं ते हे की पगार नक्की कोण देतंय. हल्ली एकाच टीममध्ये चार प्रकारची माणसं असतात, कंपनीच्या पेरोलवरची, तिसऱ्याच एजन्सीच्या पेरोलवरची, ज्याला आपण इथे ठेकेदारीच म्हणू, मग ठरावीक मुदतीवरची, आणि कन्सल्टंट म्हणून बिल देणारी. काम सगळ्यांचं सारखंच दिसतं पण पेरोलवर पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा असते आणि कन्सल्टंटला सहसा दहा टक्के टीडीएस कापून बाकीची रक्कम हातात, बास, आजारी पडलात तर तो दिवस गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे आणि मुदतीवरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आधी सगळ्यांना पाच वर्षं लागायची, तर एक वर्षाचा करार असेल तर अकराव्या महिन्यात सोडताना विचार करा. आणि सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला जो एकूण खर्च धरते त्याचा, आकडा ऐकून हो म्हणू नका, त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, मिळेल न मिळेल असा बोनस सगळं धरलेलं असतं, महिन्याला बँकेत किती येणार ते लिहून मागा. कन्सल्टंटला पगारदाराएवढेच पैसे देत असतील तर ते कमीच आहेत, कारण विमा, सुट्ट्या, पीएफ सगळं आता तुमच्या खिशातून. मी निदान तीस टक्के जास्त मागा म्हणून सांगते.

फ्रीलान्स करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहितेय. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, सरकारी साइटवर ती फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. तुम्ही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेले असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानं क्लायंटला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, आणि सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. बिलावर नुसता उद्यम नंबर छापला तरी अकाउंटवाल्यांचा सूर बदलतो, माझ्या दोन ओळखीच्या डिझायनर मुलींचे अडकलेले पैसे असेच निघाले. आणि पगाराची नोकरी चालू असताना बाजूला काम घेणार असाल तर आधी लेटरमध्ये दुसऱ्या कामाला बंदी आहे का बघा, २०२२ मध्ये विप्रोनं याच कारणावरून तीनशे जणांना काढलं होतं.

फसवणुकीबद्दल. नोकरीसाठी पैसे मागितले, रजिस्ट्रेशनचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे, ट्रेनिंगचे, की तिथेच थांबा. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे पैसे, आधी शंभर दोनशे खरंच देतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात. फॉर्म भरायचं घरबसल्या काम सांगून नंतर चुका दाखवून वकिलाची नोटीस पाठवतात, घाबरून पैसे भरू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितका उशीर तितके ते पैसे पुढच्या खात्यात जातात. आईवडिलांना हे समजावून ठेवा, घरबसल्या कमाईच्या जाहिराती त्यांच्याच फोनवर जास्त येतात.

शेवटी ऑफर आली की सही झालेलं लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही, नुसत्या मेलवर तर नाहीच नाही. नवीन ठिकाणी जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्या, नवा काढू देऊ नका, नाहीतर दोन खाती होतात आणि जोडायला वर्ष जातं. कंपनीला प्रत्येक महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो, तर जॉइन झाल्यावर दुसऱ्या महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास पासबुक उघडून बघा. पगारातून कापलाय आणि तिथे दिसत नाही असं असेल तर त्याच आठवड्यात एचआरला मेल टाका, पगाराची स्लिप जोडून.