वसंत सुरू होताना पक्षी बघायला कसं जायचं

झाडांना पालवी फुटायच्या आधीचे दिवस अजिबात सोडू नका, फांद्या उघड्या असतात त्यामुळे पक्ष्यांना लपायला जागाच नसते, नंतर पानं आली की नुसता आवाज ऐकत मान दुखवून घ्यायची. लांब जायची गरज नाही, जवळचं तळं नाहीतर बाग पुरे, फक्त उजाडायच्या जरा आधी पोचा, नर हद्द सांगायला आणि मादीला बोलवायला तेव्हाच जोरात गातात.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ४२ मिमी व्यासाची, १२ पटवाली हातात फार हलते. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांना लावा, खाली बघत बसलात की गेलाच उडून! रंगाच्या मागे लागू नका, आधी चोच कशी आहे, शेपटी सारखी हलवतो का, खोडावर सरळ चढतो का ते बघा.

आवाजावरून पक्षी ओळखायला मर्लिन हे मोबाइल ॲप भारी आहे, पण कधीकधी काहीही सांगतं, डोळ्यांनी खात्री करा. चोचीत काडी दिसली तर घरटं जवळपास असणार, गपचूप मागे सरका, फोटोसाठी फांद्या बाजूला करायच्या नाहीत म्हणजे नाहीत.