शाळेच्या कागदावर सही करण्याआधी

शाळा समितीची अध्यक्ष झाल्यावर तिसऱ्याच दिवशी मी पहिली सही केली, ती गिरणीच्या दारात, पिठाच्या हातानं. रंगरंगोटीचं साडेचार हजारांचं बिल होतं. कुठली भिंत रंगवली, हे विचारायचं सुचलंच नाही. पुढं दळण न्यायला आलेल्या एका आईनं विचारलं, "ताई, रंग लागला कुठं?" लागला होता, आतल्या खोलीला. पण मला ते सांगता आलं नाही.

जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर तुम्ही नव्यानं आला असाल, तर माझी ही चूक तुम्ही करू नका.

कायदा थोडक्यात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका. राज्याच्या नियमांप्रमाणं अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सदस्य सचिव, मुदत दोन वर्षं, बैठक दर महिन्याला. शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेल्या पैशावर लक्ष ठेवणं, ही कामं कायद्यानंच आपल्याकडं दिली आहेत. शिक्षकांचे पगार आपल्या हातातून जात नाहीत, तिकडं डोकं घालू नका. शिक्षक किती हवेत, ते मात्र बघा. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा हिशोब पाठ असू द्या.

आता पैसा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं, ते पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000. म्हणजे पट 30 असला काय नि 31 असला काय, एका पोराचा फरक पंधरा हजारांचा! हा पट यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, 30 सप्टेंबरच्या तारखेचा धरतात. म्हणून सप्टेंबरच्या बैठकीत हजेरीपट उघडून एकेक नाव वाचून घ्या. आमच्याकडं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. टोळ्या हलतात दिवाळीच्या सुमारास, सप्टेंबरात पोरं गावातच असतात, तरी एखादं नाव राहतंच. खोटं नाव मात्र एकही घालू नका. तेच पोर पोषण आहारातही दिसतं, तांदळातही दिसतं, आणि पुढं निस्तरणं मुख्याध्यापक सरांच्या गळ्यात पडतं. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्तावही याच बैठकीत काढा. टोळी गेल्यावर काढून काय उपयोग?

अनुदान हातात पडतं ते हप्त्यानं, आणि पुष्कळदा मार्चच्या तोंडावर. मग धावपळ, आणि धावपळीत जे दुकान जवळ त्याचं बिल. यावर मला एकच उपाय सापडला: पैसा येण्याआधी यादी तयार हवी. डिसेंबरात एका दुपारी चार पालक, सर आणि वही घेऊन शाळेभोवती फिरा. नुसतं "दुरुस्ती" लिहू नका. "पाचवीच्या खोलीत तीन पत्रे गळतात", "मुलींच्या संडासाला कडी नाही" असं लिहा. मग प्रत्येक ओळीपुढं पैसा कुणाचा ते लिहा. खडू, वीजबिल, कडी-कोयंडा संयुक्त अनुदानातून. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर जायला हवा, म्हणजे पंचवीस हजारांतले अडीच हजार. पाण्याची टाकी नि संडास ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेल्या पैशातून, मागता येतात. ते 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा, गावाचा आराखडा ठरण्याआधी. नवी खोली किंवा मोठं छप्पर आपल्या आवाक्यातलं नाही. त्याचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, तिथून वर जिल्हा नियोजनापर्यंत. अर्ज दोन प्रतींत न्यायचा आणि एकीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. मी पहिला अर्ज पोहोच न घेता दिला होता. तो नंतर कुणालाच सापडला नाही.

सही. चेक असो की पीएफएमएसवरून, म्हणजे सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवरून, काढलेली पेमेंटची छापील प्रत, समोर तीन गोष्टी हव्यात: समितीचा ठराव, दुकानदाराचं पक्कं बिल आणि साठा रजिस्टरमधली नोंद. मग ती वस्तू डोळ्यांनी बघायची. झाडू असला तरी. सर म्हणतील, "ताई, विश्वास नाही का?" विश्वास आहे म्हणूनच सही करतेय, असं हसून सांगायचं. आमचे सर पहिल्यांदा रुसले. पुढं लेखापरीक्षण आलं आणि सगळे कागद एका फाईलीत निघाले, तेव्हा तेच सगळ्यांना चहा घेऊन आले.

इतिवृत्ताच्या वहीत शेवटच्या ओळीला चिकटून सही करा. मध्ये कोरी जागा सोडली की तिथं नंतर एखादा ठराव उगवतो. सूचक-अनुमोदकाची नावं त्याच बैठकीत लिहून घ्या. आणि "सह्या करून ठेवा, मजकूर मग भरतो" या वाक्याला माझं ठरलेलं उत्तर आहे: गिरणीत गहू टाकल्याशिवाय पीठ पडत नाही.

मुदत संपली की साठा रजिस्टर हातात घेऊन एकेक वस्तू मोजून नव्या अध्यक्षाची सही घ्या. मी मोजलं तेव्हा एक शिडी कमी भरली. दोन दिवसांनी ती अंगणवाडीच्या छपराला टेकलेली सापडली.