ऑनलाइन लोकजीवनाच्या अभ्यासाची सामग्री कशी जपावी

२९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी आली आणि ज्यांनी नुसते दुवे टिपून ठेवले होते, त्यांच्या हाती नुसते दुवेच उरले. म्हणून पान पाहतानाच त्याची प्रत घ्यावी. सार्वजनिक पान ‘वेबॅक मशीन’ या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर साठवता येते; लॉगिनमागचा मजकूर मात्र, संबंधितांच्या संमतीने, स्वतःच जतन करावा लागतो. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून ठीक, पण त्यातला मजकूर शोधता येत नाही आणि प्रतिसादांचा क्रमही तुटतो.

प्रत्येक फाइलीसोबत मूळ दुवा, वेळ आणि आपले निरीक्षण नोंदवावे. वेबॅकमधील प्रतीच्या पत्त्यात ती घेतल्याची तारीख व वेळ सांगणारा चौदा अंकी आकडा जागतिक प्रमाणवेळेचा असतो. त्यात साडेपाच तास मिळवले नाहीत, तर आपल्याकडे रात्री एक वाजता घेतलेली प्रत आदल्या दिवशीची ठरते.

व्हॉट्सअ‍ॅप गटातील संभाषण निर्यात केल्यास सदस्यांची नावे किंवा फोन क्रमांक फाइलीत येतात. विश्लेषणाच्या प्रतीत त्यांऐवजी सांकेतिक नावे घालावीत, संकेतांची यादी कुलूपबंद व वेगळी ठेवावी आणि इतर अभ्यासकांना फक्त हीच प्रत द्यावी. मूळ फाइलीला हात लावू नये. तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी.