पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाचे सोबती कसे व्हावे

पक्षाघाताचा झटका आलेला माणूस रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा पहिले काही आठवडे घरात माणसांची रीघ लागलेली असते. गडहिंग्लज-आजऱ्याकडचे नातलग येतात, गल्लीतले शेजारी येतात, तालमीतली मंडळी येऊन बसतात आणि फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्याही बहुधा याच काळात चालू असतात. दोन-तीन महिन्यांनी ही वर्दळ ओसरते, घरचे आपापल्या कामाला लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास त्या माणसाच्या लक्षात येऊ लागते की हात पहिल्यासारखा होईलच याची खात्री कोणी देत नाही. सोबत्याची गरज खऱ्या अर्थाने तेव्हा भासते.

सोबती म्हणजे ज्याला स्वतःला पक्षाघात होऊन गेला आहे, जो त्यातून बऱ्यापैकी सावरला आहे आणि जो तशाच दुसऱ्या माणसाला ठरावीक काळ, ठरावीक पद्धतीने भेटत राहतो, असा माणूस. हाताला व्यायाम देणे, गोळ्या बदलणे किंवा मानसोपचार करणे ही त्याची कामे नव्हेत. आजचा दिवस कसा घालवायचा, उद्या काय करून पाहायचे आणि अडले तर कोणाला विचारायचे, हे समोरच्याला स्वतः ठरवता यावे इतकीच त्याची जबाबदारी असते, आणि ती पेलायला पुरेशी अवघड आहे.

झटक्याला निदान वर्षभर झाले आहे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात आहे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची हरकत नाही, अशाच व्यक्तीने हे काम हाती घ्यावे. जोडी लावताना वयापेक्षा अडचण कोणती आहे ते पाहावे. ज्याची वाचा गेली आहे त्याच्याकडे वाचेच्या अडचणीतून गेलेला सोबती पाठवणे सर्वांत चांगले. बाईमाणसाकडे बाईनेच जावे, कारण लघवीवरचा ताबा, कपडे बदलणे, नवऱ्याशी असलेले संबंध यांविषयी ती परक्या पुरुषाशी बोलणार नाही.

पहिली भेट

भेटीसाठी संमती रुग्णाची हवी. मुलाने फोन करून "या हो, बाबांना जरा समजवा" असे सांगितले, म्हणजे बाबांनी बोलावले असे होत नाही. आपण कोण, किती दिवस येणार आणि काय करू शकणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. बोललेले बाहेर जाणार नाही हे सांगतानाच त्याला एक अपवाद आहे, म्हणजे जिवाला धोका दिसला तर घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे लागेल, हेही स्पष्ट करावे.

गेल्यावर टीव्ही बंद करण्याची विनंती करावी आणि उजेडात, समोरासमोर बसावे. काहींना डाव्या बाजूचे भानच राहत नाही. तिथे कोणत्या बाजूला बसावे ते फिजिओथेरपिस्टला आधी विचारून घ्यावे. उठवायचे म्हणून दुबळा हात ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे पूर्णपणे टाळावे, कारण सैल पडलेला खांदा त्यामुळे निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. भेटीला जाताना पेढे किंवा फळांचा रस नेऊ नये. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला चहा, पाणी, रस्सा असे पातळ पदार्थच ठसका लावून श्वासनलिकेत जाण्याची भीती अधिक असते. घरातून दोघांसाठी चहा आला, तर त्याला तो चालतो का आणि कसा द्यायचा, हे घरच्यांना विचारल्याखेरीज कप पुढे करू नये.

वाचा गेलेल्या माणसाशी बोलताना बहुतेकांची एकच चूक होते: ते आवाज चढवतात. त्याला ऐकू येत असते आणि त्याची बुद्धीही शाबूत असते. अडते ते शब्द सापडण्यात, आणि काहींच्या बाबतीत दुसऱ्याचे लांबलचक बोलणे समजण्यात. म्हणून एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारावा आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत गप्प बसावे. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. हो-नाहीचे प्रश्न, कागदावरचे चित्र, भिंतीवरची दिनदर्शिका, नातवंडांचा फोटो, जे हाताशी असेल ते वापरावे. दोन शब्द जुळवता न येणारी माणसे पाठ असलेली आरती किंवा एक ते वीसचे आकडे कधीकधी सलग म्हणून जातात. तसे झाले तर घरचे हरखून "आता बोलायला लागले" म्हणतात. अशा वेळी आनंदात सामील व्हावे, पण भाकीत करू नये.

सल्ला देण्याची घाई

कोल्हापुरात सल्ल्याला तोटा नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारा प्रत्येक जण कोणत्या तरी गावच्या औषधाचा पत्ता सांगू शकतो. सोबत्याने त्या रांगेत उभे राहू नये. त्याने विचारावे, ऐकावे आणि ऐकलेले थोडक्यात परत सांगून "असंच म्हणायचंय ना?" अशी खात्री करून घ्यावी.

उदाहरणादाखल मंगळवार पेठेत राहणारे एक निवृत्त एस. टी. वाहक घेऊ. उजवी बाजू दुबळी आहे, बोलणे थोडे जड आहे, काठी घेऊन घरात चालतात. फिजिओथेरपिस्टने थोडे बाहेर पडायला हरकत नाही म्हणून सांगितले आहे. सोबती निवृत्त शिक्षक आहेत.

"मामा, सध्या सगळ्यांत जास्त काय करावंसं वाटतंय?"

"रंकाळ्यावर जायचंय, गुरुजी. एकट्यानं. पोरगं हात धरून चालवाय लागलं की लोक बघत्यात."

इथे "होईल हो, काळजी करू नका" म्हणणे सोपे असते आणि निरुपयोगीही. गुरुजी विचारतात, "या आठवड्यात ते जमेल याची दहापैकी किती खात्री वाटते?" मामा म्हणतात, "तीन." मग गुरुजी पुढचा प्रश्न टाकतात: "सात-आठ वाटेल असं काय करता येईल?" मामा थोडा वेळ गप्प राहतात आणि म्हणतात, "कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत जाईन. त्याच्याकडं स्टूल हाय, बसाय मिळतंय." त्या स्टुलामुळेच बेत पक्का होतो, आणि तो मामांना सुचला आहे, गुरुजींना नव्हे. मग काय करायचे, किती, केव्हा आणि कोणाला सांगून, हे वहीत मोठ्या अक्षरांत लिहायचे: मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठच्या आत, रिक्षांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, पहिल्या वेळी मुलगा दहा पावले मागे. खात्री सातपेक्षा कमी निघाली, तर बेत आणखी लहान करावा; माणसाला कमी लेखून नव्हे, तर पहिलाच बेत फसला की दुसरा करायची उमेद राहत नाही म्हणून.

याच बोलण्यात एक प्रश्न आवर्जून विचारावा: पायात काय घालणार? ज्याचा पाऊल वर उचलण्याचा जोर गेला आहे, त्याच्या पायातून मागे पट्टा नसलेली चप्पल निसटते आणि चवडा फरशीच्या कडेला अडकतो. कोल्हापुरी चप्पल सोडायची म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस रुसतो, हे मान्य. तरीही टाचेला पट्टा असलेली सॅंडल किंवा एका हाताने चिकटवता येणारा बूट हाच पर्याय आहे, आणि हे मुलाने सांगण्यापेक्षा सोबत्याने स्वतःच्या पायातला दाखवून सांगितले तर लवकर पटते.

स्वतःची हकिगत सोबत्याने विचारल्यावर सांगावी आणि दोन-तीन मिनिटांत आवरावी. "माझा हात तिसऱ्या महिन्यात वर गेला" हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारले जाते, पण ज्याचा हात पाचव्या महिन्यातही पडून आहे त्याला ते आपल्या नाकर्तेपणाचा दाखला वाटते. मेंदूचा कोणता भाग किती बिघडला यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सुधारणेचा वेग पहिल्या तीन-चार महिन्यांत सर्वाधिक असतो, पण त्यानंतर ती थांबतेच असे नाही. माझ्या मते सोबत्याने हातपाय कधी चालू लागले हे सांगण्याऐवजी, ते चालत नसताना आपण गुंडी कशी लावली, बँकेत सही कशी केली आणि लग्नाच्या पंगतीत डाव्या हाताने कसे जेवलो, हे सांगावे.

मनाची अवस्था

पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एका व्यक्तीला नैराश्य येते. घरचे त्याला "हट्टी झालेत", "आळस करतात" अशी नावे देतात. त्यातच मेंदूच्या दुखापतीमुळे येणारा थकवा वेगळा असतो. रात्रभर झोपूनही अंघोळीनंतर माणूस गळून जातो. काहींना कारण नसताना रडू किंवा हसू फुटते आणि ते त्यांना आवरता येत नाही. त्यावर "रडू नका" म्हणू नये. क्षणभर थांबून विषय हलकेच बदलावा.

दर भेटीत दोन प्रश्न सहज विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का. बहुतेक दिवस तसे असेल, तर डॉक्टरांकडे नेण्याविषयी त्याच्याशी आणि त्याच्या परवानगीने घरच्यांशी बोलावे. "माझं ओझं झालंय", "सुटलो तर बरं" असे शब्द आले, तर जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना त्याच दिवशी सांगावे, आणि टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक लावून द्यावा. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

गोळ्या आणि गावठी उपाय

बरे वाटू लागले की रक्तदाबाची गोळी बंद करणे हे दुसऱ्या झटक्याला आमंत्रण असते. सोबत्याने गोळीचे नाव किंवा मात्रा याविषयी अवाक्षर काढू नये, पण ती का चुकते हे जरूर विचारावे: पैसे, विसर, दुबळ्या हाताने पाकीट न फाटणे, की पित्त. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. मिठाचा विषय काढताना खर्डा, लोणचे आणि पापड यांपासून सुरुवात करावी, आणि तंबाखूबरोबर बायकांच्या मिश्रीलाही विसरू नये.

अंगावरून वारे गेले की पारव्याचे रक्त चोळण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने काही होत नाही, पण घरातल्या थोरल्या बाईसमोर त्या उपायाची टिंगल केली तर सोबत्यासाठी दार बंद होते. "गोळ्या तर चालू आहेत ना? खांदा जोरात चोळत नाहीत ना? पैसे किती गेले?" असे प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात उचलेना किंवा बोलणे अचानक अडखळू लागले, तर तो नवा झटका समजून 108 ला फोन करून वेळ टिपून ठेवावी आणि तोंडात पाणीही घालू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून जवळच्या छोट्या दवाखान्यात वेळ न घालवता ती सोय असलेले रुग्णालय गाठावे. असे रुग्णालय कोणते, हे घरच्यांनी आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावे.

घरचे आणि सोबती स्वतः

बायको किंवा सून हिच्याशी दहा मिनिटे वेगळे बोलावे. ती घास भरवते, कपडे घालते, आणि त्यातून त्याच्या हाताला काम उरत नाही. पण हे तिला दोष म्हणून ऐकू येता कामा नये, कारण तिची स्वतःची झोप महिनोन्महिने झालेली नसते. तिच्यासाठी दुसऱ्या घरातली, हेच भोगलेली एखादी बाई सोबतीण म्हणून मिळाली, तर ती पुष्कळदा रुग्णाच्या सोबत्यापेक्षाही मोलाची ठरते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढायचे असल्यास कागदपत्रांची माहिती द्यावी. 2016 च्या कायद्यात हातापायांच्या दिव्यांगत्वाबरोबर वाचेच्या दिव्यांगत्वाचाही समावेश आहे.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसायचे असेल, तर तरुण मंडळाचे किंवा वाचनालयाचे तळमजल्यावरचे सभागृह पाहावे, जिथे पायऱ्या नाहीत आणि बसता येईल असे शौचालय आहे. गणपतीच्या आधीचा महिना मंडळाची जागा मिळत नाही, हे धरूनच तारखा ठरवाव्यात. तासाभरात आवरावे, आणि तिथे कोणीही औषध, तेल वा यंत्र विकणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

सोबत्याने एका वेळी दोघांपेक्षा अधिक जणांचे काम घेऊ नये. रात्री फोन घेणार की नाही, हे आधी सांगावे. एखाद्या फिजिओथेरपिस्टशी किंवा वैद्यकीय समाजसेवकाशी महिन्यातून एकदा बोलावे. ज्याच्याकडे आपण जात होतो त्याला दुसरा झटका आला, तर आपलीही झोप उडते. त्या काळात भेटी थांबवण्यात कमीपणा नाही.

सुरुवातीला आठवड्यातून एक, मग पंधरा दिवसांतून एक आणि शेवटी केवळ फोन, अशा क्रमाने तीन-चार महिन्यांत भेटी आटोपत्या घ्याव्यात आणि शेवटची तारीख दोन भेटी आधीच सांगावी. त्या दिवशी वही उघडून कोणते बेत जमले, कोणते सोडून दिले आणि पुढे अडल्यावर तो प्रथम कोणाला फोन करणार, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे आणि ते नाव व क्रमांक त्याच्याच हाताने, मग तो डावा का असेना, वहीत लिहायला सांगावे.