भटकंतीचं वर्ष: आधी मागे बघा, मग बेत आखा
नव्या वर्षाचे बेत आखण्याआधी फोनमधले भटकंतीचे फोटो तारखेनुसार लावा. पहिल्या आणि शेवटच्या फोटोची वेळ पाहिली की त्या दिवशी साधारण किती तास चाललात ते आयतंच कळतं. (आठवणीवर विसंबू नका, ती दमछाक सोयीस्करपणे विसरते.)

मग नेस्मिथचा नियम लावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हा हिशोब ढोबळमानाने असा: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटर चाल आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास, विश्रांती सोडून. मला कायम याच्या दीडपट वेळ लागतो. तो आकडा कळल्यापासून माझे बेत फसायचे कमी झाले.

अर्धवट सोडलेल्या वाटाही कारणासकट लिहा: पाणी संपलं, बूट चावला, उशीर झाला. माझ्या तीनपैकी दोन माघारी निव्वळ उशिरा निघाल्यामुळे होत्या. म्हणून यंदा ‘दहा शिखरं’ वगैरे संकल्प नाही. उजाडायच्या आत पाठीवर पिशवी, एवढंच ठरवलंय.